गोव्यातली कातळचित्रे: उसगाळीमळ, काजूर, म्हाऊस

कशेळीचा हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस आणि कुडोपीच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, बाहुल्या, हे सगळे पाहून झाले होते. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली आणि एक सिंधुदुर्गातले. नववे गोव्यातले, फणसायमळ. उसगाळीमळ किंवा पणसायमळ या नावांनीही ते ओळखले जाते. माझी मावसबहीण निशाताई रत्नागिरीला चित्रकला शिकवते. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी त्या भागातले सडे पायाखाली घालून एकेक कातळशिल्प शोधून काढले, तेव्हापासून तिला या विषयाचा ध्यास आहे. डिसेंबरात ती दहावीतल्या अथर्वला घेऊन आमच्याकडे फोंड्याला आली आणि आम्ही तिघे निघालो.

चित्रे पाहायला निघालो होतो. पण त्यांच्या अंगावर माणसांनी काय काय केले आहे हेही पाहावे लागले, आणि आता लिहायला बसल्यावर तेच आधी आठवते.

शुक्रवार: फोंडा, चांदर, रिवण

बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली आणि कुडतरीच्या बाजूने चांदर गाठले. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. गावात मोठमोठे पोर्तुगीजकालीन वाडे आहेत आणि बहुतेक पाहुणे तेवढेच पाहून परत जातात. थोडे आत गेले की शिवमंदिराचे अवशेष लागतात. इतिहासकार फादर हेरास यांनी १९२९ मध्ये इथे उत्खनन केले होते. आता उरले आहेत ते जोते आणि शीर नसलेला नंदी. बैठक भक्कम, वशिंड गोलसर, गळ्यातल्या माळा स्पष्ट दिसतात, आणि मानेशी सगळे संपते.

अथर्वने वहीत नंदी काढला तो डोक्यासह. निशाताईने पाहिले आणि म्हणाली, "डोके तू कुठे पाहिलेस? जे दिसते तेवढेच काढ." त्याने ते खोडले. दुसऱ्या दिवशी उसगाळीमळला हे वाक्य मला पुन्हा ऐकायला मिळणार होते.

रिवणला एका कुळागरात उतरलो. सुपारी, मिरवेल, जायफळ, केळी आणि मधून वाहणारा पाट. डिसेंबरात तिथे रात्री चक्क थंडी वाजते. घरच्या वहिनींनी अळसांद्याचे तोणाक, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी वाढली. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर त्यांच्या सासूबाईंनी विचारले, "गोरवां राखण्यांचीं चित्रां पळोवंक?" त्या भागातली माणसे त्यांना असेच म्हणतात. कधीकाळी गुरे राखणाऱ्यांनी, जनावरे चरत असताना बसल्या जागी ती कोरली, अशी समजूत आहे. सासूबाई लहानपणी माहेरच्या वाटेवर ती पाहत असत. कोरलेल्या दगडावर पाय द्यायचा नाही, एवढे आईने सांगितले होते. का ते सांगितले नव्हते.

जाणाऱ्यांसाठी: रिवणला राहायच्या जागा मोजक्या आहेत, आधी फोन करून जा. गाडीत पेट्रोल केपे किंवा कुडचडे इथेच भरून घ्या. रिवण सोडले की मोबाइलला रेंज मधूनमधून जाते आणि नकाशा जुन्या खाणरस्त्यांवर नेऊन सोडतो. त्यापेक्षा वाटेत विचारलेले बरे.

शनिवार: उसगाळीमळ

पहाटे पेज आणि मिसकूट खाऊन उजाडायच्या आत निघालो. कुशावती नदीवर धुके होते आणि झाडांवरून दव टपटपत होते. मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि शेवटचा टप्पा चालत गेलो. झाडे संपली आणि समोर नदीच्या काठाला लागून काळपट तपकिरी जांभ्याचा रुंद, सपाट पट्टा दिसला.

कोकणातली कातळशिल्पे उघड्या सड्यावर असतात, चहूबाजूंनी वारा आणि आभाळ. इथे एका अंगाला झाडी आणि दुसऱ्या अंगाला पाणी. पावसाळ्यात नदी या कातळावर चढते, गाळ टाकते आणि पुढे जाते. सुमारे पाचशे चौरस मीटरमध्ये शंभरहून अधिक आकृत्या आहेत. गावकऱ्यांना त्या पिढ्यानपिढ्या माहीत होत्या. १९९३ च्या मे महिन्यात ती जागा त्यांनी पुरातत्त्व खात्याला दाखवली आणि डॉ. प्र. पां. शिरोडकर यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. चित्रांचे वय किती यावर एकमत नाही. काही जण वीस-तीस हजार वर्षे मागे जातात, काही जण मध्याश्मयुगाशी थांबतात आणि काही त्याही अलीकडे येतात. एकाच वेळी, एकाच हाताने हे झालेले नाही, एवढे मात्र कातळावर उभे राहिले की जाणवते.

सुरुवातीला काहीच दिसले नाही. करडा उजेड, ओला कातळ, सगळीकडे सारखेच खड्डे. तेवढ्यात गावातले एक काका आले. वय सत्तरीच्या पुढचे, अनवाणी, हातात वेताची काठी. लहानपणी ते इथेच गुरे घेऊन येत. त्यांनी आधी आमच्या पायांकडे पाहिले. आम्ही चपला काठावर काढल्यावर मग बोलायला लागले. दाखवताना काठी हवेतच ठेवायचे, कातळाला एकदाही टेकवली नाही. "थांबा जरा, सूर्य येऊं दे," म्हणाले.

डोंगरामागून ऊन आले आणि कातळावर आडवे पसरले. ते पाच-दहा मिनिटे मी विसरणार नाही. जिथे खड्डे होते तिथे बैलाची पाठ उमटली. मग वशिंड, मग लांब वळलेली शिंगे. त्याच्या पलीकडे हरीण, मान मागे वळवलेले. मोर. हात पसरून नाचणारी एक बाई. पावलांचे ठसे. बोटाच्या पेराएवढे गोल खळगे, ओळीने आणि विखुरलेलेही. आणि मधोमध ती चक्रव्यूहासारखी आकृती, एकात एक सात वलये. अथर्व तिच्या कडेला बसून डोळ्यांनीच वाट शोधत होता, आत जाणारी आणि बाहेर येणारी. निशाताई काही बोलत नव्हती. वीस वर्षे मुलांना रेषा शिकवणारी बाई तिथे उकिडवी बसून बैलाच्या पोटाखालची एकच रेषा पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बघ, कुठे हात अडला नाही त्याचा."

या रेषा फार खोल नाहीत. ऊन डोक्यावर आले की त्यांच्यातली सावली जाते आणि चित्र मिटते. आठ-साडेआठनंतर आकृत्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. निशाताईने मोठी काळी छत्री उघडून वरचे ऊन अडवले आणि अथर्वला मोबाइलचा दिवा कातळाजवळ, आडवा धरायला लावला. बैल परत आला. अभ्यासक हेच तंत्र जास्त काटेकोरपणे वापरतात. कॅमेरा एका जागी पक्का बसवतात, वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून अनेक छायाचित्रे घेतात आणि संगणकावर ती जोडतात. पुसट रेषाही वर येते आणि दगडाला कोणी हात लावलेला नसतो.

नऊच्या सुमारास दुचाकींवरून पाच-सहा तरुण आले. फोंडा-मडगावकडचेच असावेत. चांगली मुले होती. एकाने तर चपला आमच्या बघून न सांगता काढल्या. त्यांनी कुठेतरी या जागेची चित्रफीत पाहिली होती. पण ऊन वर आलेले, कातळ कोरडा, दिसेना काही. तेव्हा त्यातल्या एकाने खिशातून पांढरा खडू काढला आणि बैलावर गिरवायला बसला. आम्ही पलीकडे नदीच्या बाजूला होतो. काका ओरडले तोपर्यंत पाठ आणि एक शिंग होऊन गेले होते.

जवळ जाऊन पाहिले तर खडूचे शिंग चुकीचे होते. कोरलेले शिंग वळून आत येते. त्याच्या टोकाशी कातळाला नैसर्गिक भेग आहे, सरळ बाहेर जाणारी. खडू भेगेवरून पुढे गेला होता आणि बैलाला दीड हात लांब शिंग फुटले होते. निशाताईने त्याला तेच सांगितले जे आदल्या दिवशी अथर्वला सांगितले होते. आवाज चढवला नाही. मग छत्री उघडली, दिवा आडवा धरला आणि म्हणाली, "आता तूच सांग, शिंग कुठे संपते?" तो बराच वेळ पाहत राहिला. त्याने बरोबर जागा दाखवली.

मग त्याने रुमाल काढला आणि खडू पुसायला वाकला. तिने त्याचा हात धरला. जांभा सच्छिद्र असतो. ओल्या फडक्याने घासले की खडूची पूड छिद्रांत आणखी आत जाते आणि जोर लावला तर वरची कवचासारखी परतही झिजते. आहे तसे राहू दे, फोटो काढ आणि खात्याला कळव, असे तिने सांगितले. तो म्हणाला, "ताई, लोकांना दिसावा म्हणूनच केले हो." ते खरे होते. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होते, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटले.

ती मुले गेल्यावर काकांनी आम्हाला चक्रव्यूहाच्या बाहेरच्या वलयाकडे नेले. हातभर लांबीची रेषा कोणीतरी किल्लीने किंवा नाण्याने पुन्हा खणली होती. जांभ्याचा वरचा पापुद्रा उन्हापावसाने काळपट आणि टणक झालेला असतो. तो तयार व्हायला किती पिढ्या जातात याचा हिशेब आपल्या आयुष्यात बसत नाही. तो खरवडला की आतला तांबडा-पिवळा मऊ भाग उघडा पडतो. बाकी सगळी वलये काळी आणि ती हातभर रेषा ताजी तांबडी, ओल्या जखमेसारखी. तिथून आता पाणी आत मुरेल. आणि जुन्या रेषेच्या तळाशी कोरणाऱ्याच्या हत्याराची जी खूण होती, ती ठोकून कोरली की घासून हे जिच्यावरून कळले असते, ती गेली. हे बुजवता येत नाही. बाजूचा दगड घासून सारखा करायचा म्हटले तर तेवढे आणखी जाते.

काकांना हे कोणी केले ते माहीत नव्हते. ते एवढेच म्हणाले, की गुरांच्या खुरांनी इतक्या वर्षांत असे झाले नाही.

दुपारी कुळागरात परत आलो. जेवण झाल्यावर ओसरीवर निशाताईने नॉर्वेतली गोष्ट सांगितली. ट्रो नावाच्या बेटावर कातळात कोरलेला स्कीवरचा माणूस आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या चिन्हामागे त्याचीच प्रेरणा होती. २०१६ साली तिथल्या दोन मुलांनी ते चित्र टोकदार वस्तूने गिरवले. पुसट झालेय, लोकांना नीट दिसावे, हाच हेतू. जुन्या रेषेच्या आत आणि बाहेर नवे ओरखडे पडले आणि मूळ रेषा कायमची गेली. मुलांनी पुढे येऊन माफी मागितली. त्यांची नावे उघड केली गेली नाहीत आणि ते मला योग्य वाटते.

सगळेच असे भाबडे नसतात. टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात २०२१ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी हजारो वर्षांच्या चित्रांवरच चौघांची नावे आणि तारीख खरडलेली सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूनाल्डा गुहेत बावीस हजार वर्षांपूर्वी कोणी मऊ भिंतीवर बोटे ओढली होती. मिरनिंग या तिथल्या मूळ रहिवाशांची ती पवित्र जागा. कुंपण होते, त्याखालून शिरून कोणीतरी त्या बोटांच्या रेघांवर इंग्रजी अक्षरे कोरली. २०२२ च्या शेवटी ती बातमी जगभर गेली. आपल्याकडे १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गोव्याचा स्वतःचा कायदा १९७८ चा आहे. कायदा हवाच. पण नाव कोरणाऱ्याला त्याची भीती घालता येते, खडूवाल्या मुलाला नाही. त्याला आपण गुन्हा करतोय असे वाटतच नसते. त्याच्यापर्यंत छत्री आणि दिवा आधी पोहोचायला हवा.

खाणींचाही विषय निघाला. घरचे भाऊ म्हणाले, २०१२ ची खाणबंदी येईपर्यंत या पट्ट्यात झाडांची पाने हिरवी नसत, तांबडी असत. लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र चालत आणि पावसात मातीचा गाळ नदीत उतरे. भाऊंच्या घरातल्या दोघांची रोजीरोटी त्याच खाणीवर होती, हेही त्यांनी सांगितले. यावर मी काही बोलले नाही.

जाणाऱ्यांसाठी: सूर्योदयाला किंवा मावळतीच्या तासाभर आधी पोहोचा. मधल्या वेळेत गेलात तर काही दिसत नाही, आणि मग माणूस पाणी ओततो, खडू काढतो. मोठी छत्री आणि एक दिवा बरोबर ठेवा. चपला काठावर. कॅमेऱ्याचा तिकाटणा कातळावर टेकवू नका. चित्र उतरवायचे असेल तर लांब बसून वहीत काढा. प्लॅस्टिक किंवा कागद अंथरून गिरवणे म्हणजेही दगड घासणेच. नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. पावसाळ्यात कातळ निसरडा आणि बराचसा पाण्याखाली असतो.

रविवार: काजूर, जांबावली आणि एक गुहा

केपे तालुक्यातले काजूर. रस्ता जंगलातून वर चढतो, वाटेत भाताची कापलेली शेते आणि मधूनच एखादे घर. इथला दगड जांभा नाही, ग्रॅनाइट आहे. लोक त्याला दुधाफातर म्हणतात. त्यावर बैल आहेत, हरणे आहेत आणि ते गोल खळगे आहेत. पण ज्या गोष्टीमुळे आम्ही तिथे खूप वेळ रेंगाळलो ती म्हणजे त्या दगडाचा आजूबाजूच्या माणसांशी असलेला संबंध. तिथल्या वेळीप या आदिवासी समाजाच्या श्रद्धेत त्याला स्थान आहे.

वाटेवरच्या घरातल्या एका मावशींना विचारूनच पुढे गेलो. त्यांनी पाणी दिले, वर नाचणीची तिजण दिली, गूळ आणि नारळाचा रस घातलेली. त्यांची सून आमच्याबरोबर आली. दगडापासून बऱ्याच अंतरावर तिने चपला काढल्या. कोणी त्यावर बसत नाही, कोणी नाव काढत नाही. मी विचारले, बाहेरून आलेल्यांना सांगता का? ती म्हणाली, आम्ही बरोबर येतो ना, मग कोणी काय करणार. पाटी किंवा कुंपण मला दिसले नाही. दगड मात्र निर्मळ होता, एक ओरखडा नाही, खडूचा ठिपका नाही. मला वाटते गोव्यातल्या सगळ्या कातळचित्रांपाशी गावातले माणूस बरोबर घेऊनच जाण्याचा नियम करावा आणि त्या माणसाला त्याचे मानधन मिळावे. उसगाळीमळच्या काकांना आम्ही काही देऊ केले तर त्यांनी घेतले नाही. पण त्यांच्या नातवाला ते काम म्हणून मिळाले तर तो तिथे दिवसभर थांबेल.

परतताना जांबावलीला श्री दामोदराचे दर्शन घेतले. सोळाव्या शतकात मडगावहून हा देव इथे आणला. फाल्गुनातल्या गुलालोत्सवाला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र नदीच्या पायऱ्यांवर आम्ही तिघेच होतो.

दुपारी एका जांभ्याच्या गुहेत गेलो. नाव मुद्दाम देत नाही, कारण असेच चित्र आणखी बऱ्याच ठिकाणी आहे. वाकून आत शिरावे लागते, वटवाघळे आहेत, पाय ठेवताना साप-विंचवाकडे लक्ष ठेवावे लागते. विजेरीचा झोत भिंतीवर टाकला तर छतापर्यंत नावे. कोळशाने, ऑइलपेंटने, चाकूने. बाण घुसलेली बदामे. अथर्व त्याखालची साले वाचत गेला. २००९, २०१४, २०२१. एके ठिकाणी रंगाखाली छिन्नीचे मूळ घाव दिसत होते, तिरपे, एका लयीत मारलेले. ज्याने ही गुहा खोदली त्याचा उजवा हात चालत होता हे त्या घावांवरून कळत होते. त्यावरच निळ्या रंगात एक नाव होते. असा रंग काढायला तज्ज्ञ लागतात. रसायन कोणते, किती वेळ ठेवायचे, दगड किती शोषतो हे आधी कोपऱ्यात तपासावे लागते. उत्साहाने तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन 'स्वच्छता मोहीम' काढणारी मंडळे कृपा करून इथे येऊ नयेत. भिंतीवर शिल्प नाही म्हणून ती रिकामी आहे असे लोकांना वाटते. ते घाव हेच तिथले शिल्प आहे.

सोमवार: म्हाऊस

उत्तरेला सत्तरी तालुका. वाळपईत सकाळी पातळभाजी आणि गरम उंडे खाल्ले, वर मिरची भजी. त्यासाठी पुन्हा जाईन. वाळपईतली माझी एक मैत्रीण तिथल्या शाळेत शिकवते. ती आठवी-नववीच्या काही मुलांना घेऊन आली होती.

म्हाऊसची चित्रे झरमे नदीच्या पात्रातल्या खडकांवर आहेत. वशिंडाचे बैल, इतर जनावरे, त्रिशूळ, खळगे. अभ्यासक ती नवाश्मयुगाच्या आसपासची मानतात. डिसेंबरात पाणी अजून बरेच होते. काही खडक उघडे, काही पाण्याखाली, आणि पाण्याखालची चित्रे प्रवाह क्षणभर संथ झाला की दिसत आणि लगेच हलत. पाण्यातून थरथरणारा बैल आम्ही सगळ्यांनी पाहिला. मुले दर वेळी ओरडत.

थोडे वर, कोरलेल्या खडकांच्या अगदी जवळ, तीन दगडांची चूल आणि काळाठिक्कर डाग. कोणीतरी सहलीला येऊन मटण शिजवले होते. आच लागली की दगडाची वरची कपची तापून फुगते, वर गार पाणी पडले की निखळते. त्या कपचीवर चित्र असेल तर चित्रासकट निखळते. इथे सुदैवाने चित्र नव्हते, हातभर अंतर होते. मुलांनी राख, बाटल्या, पत्रावळी गोळा केल्या. काजळीला हात लावू दिला नाही.

मग निशाताईने त्यांना वहीत चित्र उतरवायला शिकवले. चार काठ्यांची चौकट, तिला सुतळीच्या उभ्या-आडव्या ओळी बांधलेल्या. दोघांनी ती खडकाच्या वर हातभर उंच धरायची, तिसऱ्याने वरून पाहत कागदावरच्या चौकोनांत रेषा टाकायच्या. भेग दिसली तर तुटक रेषेने, कोरलेले असेल तर सलग, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. एका मुलीच्या कागदावर बैल कमी आणि प्रश्नचिन्हे जास्त होती. निशाताईने तोच कागद सगळ्यांना दाखवला आणि शाबासकी दिली.

जाणाऱ्यांसाठी: म्हाऊसला फेब्रुवारी ते मे जा, पात्र उघडे असते. वर पाऊस झाला असेल तर नदीत उतरू नका. गावात विचारून जा. कुठेही ताजी नासधूस दिसली तर पुसू नका, घासू नका. बाजूला एखादे नाणे किंवा पट्टी मापासाठी धरून (दगडाला न टेकवता) फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आणि गावच्या पंचायतीला कळवा. समाजमाध्यमांवर टाकायचा असेल तर फोटो आडव्या उजेडात काढलेला टाका. खडू भरलेल्या चित्राचा फोटो पुढे पाठवला की पाहणारा दुसरा माणूस खडू घेऊनच निघतो.

घरी आल्यावर उसगाळीमळच्या वलयावरच्या ओरखड्याचे आणि खडूच्या शिंगाचे फोटो आम्ही खात्याला पाठवले. खडूवाल्या मुलाने जाताना अथर्वचा नंबर घेतला होता. गेल्या आठवड्यात त्याचा फोटो आला. पुढच्याच रविवारी तो एकटा, पहाटे, छत्री घेऊन परत गेला होता. पाठीवर आणि शिंगावर खडूचा पांढरट अंश अजून आहे. पण उजेड असा आडवा आहे की कोरलेले शिंग आत वळताना स्वच्छ दिसते आणि भेग वेगळी. खाली त्याने विचारले होते, म्हाऊसचे पाणी कधी उतरते? फेब्रुवारीनंतर ये, वाळपईतल्या बाई बरोबर येतील, असे त्याला कळवले आहे.